आतून डावं, आतून उजवं

धायरीला माझी जुन्या लाकडाची वखार आहे. पाडलेल्या इमारतींचे दरवाजे, खिडक्या, तुळया घ्यायच्या आणि विकायच्या. एका हातगाडीपासून सुरुवात केली, कुणाचा आधार नव्हता. मुलगा शाळेतून थेट वखारीत यायचा, तुळयांवर बसून अभ्यास करायचा. आता तो आर्किटेक्ट आहे, नैरोबीत असतो.

गेल्या वर्षी त्याने तिकडच्या रानात श्रीमंत पाहुण्यांसाठी एक लॉज उभारला. सिमेंट नाहीच. मोडीत निघालेल्या होड्यांच्या लाकडाचे ओटे खांबांवर उचललेले, त्यावर कापडी खोल्या; खालून जनावरांची वाट तशीच मोकळी. वीज उन्हाची, आंघोळीचं पाणी झाडांना. उद्या सगळं सोडवून नेलं तर जागेवर फक्त गवत राहील. त्याची मुलाखत नेटवर आहे. ही दृष्टी कुठून आली, असं विचारल्यावर त्याने परदेशातल्या कॉलेजचं नाव घेतलं. वखारीचा उल्लेख नाही. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मी ती एकट्याने बघितली. मग पुन्हा बघितली, मधे कुठे ऐकायचं राहून गेलं असेल म्हणून.

त्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आमच्याकडे काही शिकला नाहीस वाटतं?"

"शिकलो ना. म्हणून तर पहिली खोली उलटी उभी राहिली."

काहीही सोडवताना आम्ही प्रत्येक भागावर रंगाने खूण करतो, 'डा' किंवा 'उ'. डावं-उजवं घरात उभं राहून, बाहेर बघत ठरवायचं, ही माझी पद्धत. बाकीचे रस्त्यावरून बघतात. त्याने सवयीने त्या खोलीच्या सुट्या भागांवर तशाच खुणा करवल्या आणि तिथल्या सुतारांनी त्या बाहेरून वाचल्या. नदीकडची खिडकी गेली मागच्या पाण्याच्या टाक्यांकडे आणि न्हाणीघर आलं नदीकडे.

"हे सांगायचं होतंस मुलाखतीत."

"तुमच्या नावावर चूक सांगू?"

"चूक सुतारांची. घर आतल्या माणसासाठी असतं."

तो हसला. मला बरं वाटलं, आणि त्या भरात मी बोललो, "दिवाळीला पंधरा दिवस ये."

"चार जमतील, बाबा."

"चार दिवसांत फराळाचा डबासुद्धा संपत नाही. नकोच येऊस." आणि फोन ठेवला.

राग होताच, पण सवयही होती. सौदा मी आयुष्यभर असाच केला. पाठ फिरवून चहा घ्यायचा. गिऱ्हाईक फाटकापर्यंत जातं आणि परत येतं. हा आला नाही. वखारीतच वाढलेला, फाटकाची गंमत त्याला ठाऊक. बायको असती तर तिने मधे पडून दहावर तोडलं असतं. ती गेल्यापासून आम्हा दोघांत मध्यस्थ कुणी नाही. संध्याकाळी मी टीव्ही आवाज बंद करून बघायला लागलो, म्हणजे फोन वाजला तर ऐकू येईल.

शेवटी मीच लावला. "बरं, चार तर चार. ये."

"आता तीनच आहेत."

"चार म्हणाला होतास."

"तो भाव त्या दिवशीचा होता."

हे वाक्य माझं आहे. वखारीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवतो. मी तीन घेतले, आणि तिकीट काढेपर्यंत फोन ठेवू नकोस म्हणालो.