दोष कुंकवाचा नव्हता

खंडेनवमीच्या सकाळी मी विळा, कुऱ्हाड, कॉम्प्युटर आणि त्याला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ओळीनं मांडून हळदीकुंकू वाहिलं. त्या डिस्कवर माझ्या आईनं म्हटलेली येडेश्वरी देवीची गाणी आहेत. आई आता नाही, आणि गाण्यांची दुसरी प्रतही नव्हती.

पूजेनंतर आठवडाभर मी ती गाणी रोज ऐकली. काल कॉम्प्युटरनं मला न विचारता अपडेट घेतला आणि आज त्याला डिस्कच ओळखू येईना.

धाराशिवला दुकानात गेलो. दुकानदाराला डिस्कच्या कडेला कुंकू दिसलं आणि तो हसतच सुटला.

"काका, आता देवीलाच विचारा की! कुंकू गेलंय आत."

"कुंकू आठवड्याखालचं हाय. बिघाड आजचा हाय."

"फॉरमॅट मारतो. नव्यासारखी होईल."

"अन् गाणी?"

"ती जात्याल की. देवीची गाणी मोबाईलवर लई हायत."

मी डिस्क त्याच्या हातातून ओढूनच घेतली. आमच्या घराशेजारच्या सरांच्या लॅपटॉपवर तो अपडेट आलेला नव्हता. तिथं जोडताच आईचा आवाज सुरू झाला.

श्रद्धेवर हसायला या लोकांना वेळ आहे, पण डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायला नाही. मंडळी, तुमचंही असं काही पुसून टाकायला निघालं होतं का हो कुणी?

घरी येऊन मी तो अपडेट मुळासकट काढून टाकला. डिस्क दिसली, आणि सगळ्यात आधी सगळी गाणी बहिणीला पाठवली.