दुधरामची बशी

दुधराम कापगतेच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर चेतना मॅडम पहिल्यांदा साइटवर आली तेव्हा जीपमधून आधी पिवळं हेल्मेट उतरलं, मग गुंडाळलेला नकाशा, आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी इंजिनीयर आहे हे त्याला दुपारच्या जेवणापर्यंत कळलं नाही. त्याची स्वतःची मिशी मात्र अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवरून दिसायची.

दुधराम खोदकामाचा मुकादम. घराणं कोहळ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारं. मॅडमला हायवेच्या कडेला गवताळ चर हवा होता. पावसात रस्त्यावरचं तेल आणि टायरची काजळी वाहून येते, ती गवतात अडकावी आणि गाळलेलं पाणी पुढे गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात जावं. चर उथळ हवा, कडा पसरट, म्हणजे घसरलेली गाडी त्यात उलटणार नाही.

दुधरामला ऐकूनच लाज वाटली. खोली नाही, पाणी अडवणारी मातीची पाळ नाही, आणि हे कोहळ्याच्या हातून!

"मॅडम, ही बोडी हाय का बशी? गावात मी तोंड कसं दाखवू?"

मॅडमने पुन्हा सगळं समजावलं आणि ती सालेकशाच्या कामावर गेली. परत येऊन पाहते तर चर कमरेएवढा खोल, आणि रस्त्याच्या कडेला धुम्मसाने ठोकून बसवलेली देखणी पाळ. गाव कौतुकाने जमलेलं. दुधरामची बायको जमुनाबाई पूजेचा नारळ घेऊन उभी.

मॅडम रागावली नाही. "काका," ती म्हणाली, "फटफटी घ्या आणि हायवेवरून यात उतरा."

दुधरामने पाळीकडे पाहिलं, फटफटीकडे पाहिलं, मग आशेने बायकोकडे.

"थांबले काऊन? उतरा ना," जमुनाबाई म्हणाली. "नारळ माह्याजवळ हायच."

गाव हसलं. दुधराम फावडं घेऊन आला. स्वतः बांधलेली पाळ त्याने स्वतःच पाडली आणि चर भरून पसरट केला. गवत धरल्यावर फटफटी घेऊन तो खरंच उतरला. गाडी हळूच गवतात गेली आणि उभीच राहिली. खाली पडली ती फक्त टोपी. त्या दिवसापासून गाव चराला 'दुधरामची बशी' म्हणू लागलं, आणि अशी बशी आपल्या पणज्यानेच शोधली होती, असं दुधराम भेटेल त्याला सांगू लागला.

पुढे मॅडमची बदली झाली. यंदा जागा ओली आणि सपाट दिसली म्हणून जमुनाबाईने बशीत धानाची रोवणी केली. रस्ते खात्याने ती उपटली.