फ्लॉपीवरचं कुंकू

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — तिला सांगितलं असतं तर आधी ती पोट धरून हसली असती आणि मग हसायची थांबली असती, आणि ते थांबणं मला बघायचं नव्हतं. तुम्ही काही माझ्या घरी चहाला येणार नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीची गोष्ट. परभणीत अंबादासमामांचं खताचं दुकान होतं, आणि त्याच्यावरच्या खोलीत त्यांनीच काढलेला कॉम्प्युटर क्लास. मास्तर दोघे — मी आणि सुदाम. खाली युरिया, वर आम्ही. पोरं घरी गेली की आया विचारायच्या, शिकायला जातोस का पोती उचलायला?

मामा पूर्णेला दुसरा क्लास काढणार होते. तिथं मुख्य म्हणून कोण जाणार? सुदामला जायचं होतं. त्याचं बिऱ्हाड पूर्णेत, बायको तिथल्या शाळेत शिकवायची आणि तिला दिवस गेलेले. तो रोज रेल्वेनं ये-जा करायचा, आणि ती गाडी वेळेवर आली तर लोक घाबरून ही कालची तर नव्हे ना म्हणून चौकशी करत. आणि मला? मला पूर्णेत काडीचं काम नव्हतं. पण मुख्य म्हणवून घ्यायचं होतं.

त्या दिवसांत लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली पुण्याहून फ्लॉप्यांवर आमच्यापर्यंत पोचली होती. फुकट, वर कुणालाही प्रत काढून द्यायची मुभा. पण ती एक नव्हती. गाभा तोच, त्याच्याभोवती वेगवेगळ्या लोकांनी आपापला संसार मांडलेला. एक माझ्याकडे, एक सुदामकडे — एकाच घरातल्या थोरली आणि धाकटी जाऊ म्हणा. नावं घेत नाही, दोघींच्या माहेरची माणसं अजून भांडतात. "फुकटचीच हाय तर भांडायलात कशाला?" असं मामांनीही आम्हाला विचारलं होतं. मग त्यांनीच तोडगा काढला. दसरा झाला की दोघांनी आपापली चालवून दाखवायची. जिची निवड होईल तिचा मास्तर पूर्णेला.

आता खरं सांगू? भांडण होतंच कुठं? यात पॅकेज म्हणजे एका कामाच्या सगळ्या फाइलींचं गाठोडं. माझ्या थोरलीकडे गाठोडं सोडलं की सामान घरभर व्हायचं, आणि परत काढायचं म्हटलं की कोपरा न् कोपरा हुडका. मी एकदा एक खेळ काढून टाकायला गेलो तर त्याच्याबरोबर छपाईची सोयच गेली. सुदामची धाकटी मात्र कुठल्या गाठोड्यातलं काय कुठं ठेवलं हे पक्कं ध्यानात ठेवायची. काढ म्हटलं की नेमकं तेवढंच उचलायची. एका गाठोड्याला चालायला दुसरं लागतं हे आपणहून सांगायची बुद्धी दोघींनाही नव्हती, पण तेवढं सोडलं तर धाकटी सरस. सुदामनं मला ते करून दाखवलं तेव्हा मी "ठीक आहे" म्हणालो. मनात म्हणालो — गेलं पूर्णा.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते — नांगर, वजनकाटा, ट्रॅक्टर. सुदाम सणाला पालमला, गावी गेलेला. मामांनी ताट माझ्या हातात दिलं. "वरच्या समद्याला लाव. काय सोडू नको." मी मॉनिटरला गंध लावलं, कीबोर्डवर झेंडू ठेवला. प्रिंटरवर नारळ फोडायला मामा स्वतः वर आले होते, त्यांना कसंबसं आवरलं.

माझ्या फ्लॉप्या डब्यात होत्या, म्हणून डब्यालाच हळदीकुंकू लावलं. सुदामच्या टेबलावर मांडलेल्या. तेव्हाची मोठी, मऊ फ्लॉपी तुम्ही पाहिली असेल — वेष्टणाला एक लांबट खिडकी, तिथं आतली चकती उघडी. त्या खिडकीला बोट लावायचं नाही, हा आमच्या क्लासचा पहिला धडा. आणि तो धडा मीच द्यायचो! पण लेबलांवर सुदामचं सुरेख अक्षर, ते कसं बिघडवायचं? मोकळी जागा दिसली ती खिडकीचीच. ओली हळद, वर कुंकू, वर अक्षता. पहिलीला चुकून लागलं — देवाशपथ चुकून, सवयीनं हात चालला. तिच्यावर फारसं काही नव्हतंही.

आणि दुसरीला?

दुसरीवर सी कंपायलर होता — पोरांनी लिहिलेले प्रोग्राम चालते करणारा. त्याच्यावाचून क्लास चालणं शक्य नव्हतं. तिच्यावर बोट नेलं तेव्हा मला धडा आठवत होता, हळद ओली आहे हे कळत होतं, पूर्णाही डोळ्यांसमोर होतं. तरी टेकवलं. दाबून टेकवलं. दुसऱ्या दिवशी सुदाम यायच्या आत रुमालानं दोन्ही वरवर पुसूनही ठेवल्या.

झालं. चार दिवसांनी सुदाम मामांपुढं आपली चालवून दाखवायला बसला, तर मशीन खर्र खर्र करायला लागलं आणि तीच फ्लॉपी पुन्हा पुन्हा मागायला लागलं. सुदाम घामानं थबथबला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी — मी पंडितासारखा म्हणालो की हिचं पॅकेजचं काम कच्चंच आहे, पहिल्यापासून. सुदामनं मान वर केली नाही. "फ्लॉपी माझ्याच हातनं खराब झाली असंल. काल घरी नेली तवा गाडीत पिशवी लय चेंगरली व्हती. पुन्यावून दुसरी आणतो." मामा म्हणाले, "पोरं तवर थांबतेत व्हय?"

मी पूर्णेला गेलो. आता मी परभणीहून पूर्णेला आणि तो पूर्णेहून परभणीला! वाटेत मिरखेल स्टेशनात आमच्या गाड्या समोरासमोर थांबायच्या, आणि तो खिडकीतून हात हलवून ओरडायचा, "मशीन बरं चालायलंय का?" बरं कुठलं — थोरलीनं मला रडकुंडीला आणलं होतं. मी "एकदम झकास!" म्हणून ओरडायचो. लाज वाटायची, पण पूर्णा सोडावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

मग एका दुपारी त्याचा मेहुणा धापा टाकत क्लासवर आला. बहिणीला दवाखान्यात नेलं होतं. सुदाम तेव्हा परभणीत माझ्या जुन्या बॅचला शिकवत होता. फोन लागला, पण त्याला गाडी मिळेना. मी मेहुण्याबरोबर गेलो. तो औषधं आणायला बाहेर पडला, सुदामच्या सासूबाई आत होत्या. नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन व्हरांड्यात आली आणि म्हणाली, घ्या. मी हात पुढे केले.

सुदाम संध्याकाळी पोचला, स्टेशनवरनं पळत, हातात पेढ्यांचा पुडा. पहिला पेढा त्यानं मला दिला. "तू व्हतास म्हणून बरं झालं गड्या," म्हणाला. मी तो पेढा खाल्ला. त्याची मुलगी त्याच्या आधी मी पाहिली होती.