पूजेत बंद करायचा राहिलेला कॉम्प्युटर

दसऱ्याची सुट्टी संपवून परवा तलवाड्याच्या आमच्या सेवा केंद्रात गेलो, तर कॉम्प्युटरवरचे झेंडू अजून तसेच होते. खिडकीबाहेर लिंबाची सावली हळूहळू सरकत होती... कामाला हात लावावासाच वाटेना.

आमच्याकडे खंडेनवमीला पूजा करून सगळ्या मशीन बंद ठेवतात. एरवी आम्ही त्या बंदच करत नाही, नुसता स्क्रीन घालवतो. ब्राउझर उघडा राहिला की अपडेट लागत नाही, आणि अंगठ्याचं मशीन चालतं फक्त जुन्या ब्राउझरवर. अपडेट कायमचं थांबवायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो बीडच्या ऑफिसात!

पूजेच्या उत्साहात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी बाकीच्यांनी मशीन सुरू केल्या, तर ब्राउझर नवाकोरा... आणि अंगठा घेईना.

नेमक्या तेव्हाच चकलांब्याच्या गयाबाई आत्या आल्या. मेंढरांमागे फिरणारं घर त्यांचं. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा अंगठा देऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. मुदत याच महिन्याची, आणि आत्या उद्याच परभणीकडं निघालेल्या. परत येणार थेट उन्हाळ्यात.

बीडला फोन लावला. माणूस पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. आत्या मशीनकडे बघत राहिल्या.

"म्या हितं समोर बसलेय की रं... त्याला कावून पटंना?"

लई वाईट वाटलं, खरंच. उगाच जाऊन आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो आणि सवयीनं स्क्रीन लावला...

जुना ब्राउझर उघडाच होता! पूजेच्या वेळी मी खिडकीतून ढग बघत बसलेलो. फूल वाहिलं, स्क्रीन घालवला आणि तसाच घरी गेलो. वर कोपऱ्यात अपडेटचं बटण मात्र वाट बघत बसलेलं. माऊस तिकडे सरकला तसे आमचे सीनियर पठाणभाई मागून ओरडले, "त्याला हात लावू नको बे!"

अंगठ्याचं मशीन माझ्याकडे जोडलं. दोरखंडानं आणि धारा काढून झिजलेला अंगठा... दोनदा नाही म्हणालं. आत्यांनी तो पदराला पुसला, पुन्हा टेकवला. हिरवी खूण आली.

"हाय म्हनला का मला?"

"हाय म्हणाला, आत्या."

त्या हसल्या, काठी घेतली आणि उन्हात चालू लागल्या. दिसेनाशा होईपर्यंत मी बघत होतो. मग अंगठ्याला दुसरं कुणी उरलं नाही हे बघून कॉम्प्युटर माझ्याच हातानं बंद केला... होऊ दे अपडेट आता, पुढच्या आठवड्यात बीडचा माणूस येतोच आहे.

आज त्या परभणीच्या वाटेवर कुठल्यातरी माळावर असतील. त्या आहेत हे आता सरकारलाही माहीत आहे... एवढ्यानंही किती शांत झोप लागते.