मेव्हण्यासाठी लोकर

शांती नगरच्या फुटपाथवर परत स्वेटरवाले येऊन बसलेत. झाडापासून विजेच्या खांबापर्यंत ताणलेली दोरी, दोरीवर रंगीबेरंगी स्वेटर, खाली गोणपाटावर टोप्या आणि मफलर. औषधं घेऊन परतताना मी त्या दोरीखालून वाकून जात होतो, तेवढ्यात वास नाकात शिरला. आधी डांबरगोळ्यांचा, मग त्याच्या मागे दबून बसलेला लोकरीचा. जरासा मेंढीचा, जरासा ओल्या धुळीचा. मी वाकलेला तिथंच राहिलो. मागचा माणूस वैतागला, "चाचा, आगे बढो ना." झालो पुढे. पण घरी गोडदेवला पोचेपर्यंत तो वास माझ्या सोबतीने चालत होता, माझी बायको चालायची तसाच, दोन पावलं मागे.

आमच्या भागात थंडी ती काय, सकाळी अंगावर पाणी घेताना तोंडातून सू निघतो तेवढीच. या थंडीला स्वेटर लागतो असं म्हणणाऱ्या माणसाला मी हसतो. बायकोने स्वतःसाठी कधी घेतलाही नाही. पण दर वर्षी मार्गशीर्ष लागला की ती या दोऱ्यांखाली हजर. तिच्या भावासाठी लोकर निवडायची. तो भाऊबीजेला डोंगरातून टोपली घेऊन यायचा, काकड्या, वाल, पानात बांधलेली भाजकी मासळी. ही त्याला त्या वेळी नुसतं ओवाळायची आणि सांगायची, तुझं देणं थंडीत. मग थंडीत आम्ही दोघं त्याच्या पाड्यावर स्वेटर पोचवायला जायचो.

तिची निवडण्याची तऱ्हा जगावेगळी होती. लोक रंग बघतात, अंगाला लावून बघतात. ही स्वेटर उचलायची, त्याची बाही बाहीवर घासायची आणि कान लावून ऐकायची. भर बाजारात, डोळे मिटून. बाजूच्या बाया तोंडावर पदर धरायच्या. मला लाज वाटायची, मी लांब जाऊन पानवाल्याजवळ उभा राहायचो. कानाने पास झाला की कमरेची काडेपेटी निघायची. शिवणीतला एक धागा तोडून पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर खरी. प्लास्टिकसारखा वितळून थेंब झाला तर तो स्वेटर ती असा खाली टाकायची जसा काही त्यात विंचू होता. स्वेटरवाली पहाडातली बाई, ती दर वर्षी ओरडायची, "ए आंटी, दुकान जलाएगी क्या?" आणि आमच्या हिचं उत्तर ठरलेलं, "झूठा माल रखेगी तो जलेगाच."

हे सगळं कशासाठी, तर मेव्हणा तीरकामठ्याने मासे मारतो. त्याचा बाप ससे, रानडुकरं मारायचा. ते दिवस केव्हाच गेले, जंगल सरकारचं झालं आणि शिकार बंद झाली. झाली ते बरंच झालं म्हणा, मारायला उरलंच काय होतं. पण पाड्याखाली एक तळं आहे. पावसाचं गढूळ पाणी दिवाळीनंतर निवळतं आणि हिवाळ्यात असं स्वच्छ होतं की तळाची पानं दिसतात. त्यात मरळ असते. मरळ श्वास घ्यायला पाण्यावर तोंड काढते, एवढंसं, आणि लगेच खाली. तेवढ्यात तीर सुटला पाहिजे. त्यासाठी माणसाने सकाळी धुकं असताना गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि झाडाच्या खुंटासारखं होऊन जायचं. हातात वेळूचा कामठा, त्याला वेळूच्याच पट्टीची दोरी. डोंगराखालची ती थंडी इथल्यासारखी नसते, हाडात जाऊन बसते.

बायको लहान होती तेव्हा बापाच्या फाटक्या घोंगडीची बंडी शिवून तिने भावाला घातली होती. तेव्हापासून लोकरीचं खातं तिच्याकडे. तिचे नियम मला ऐकून ऐकून पाठ झालेत. नायलॉन नको, ते हलताना खसखसतं, आणि भिजलं की अंगाला बर्फासारखं चिकटतं. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. चेन नको, चमकते. टोपी जोडलेली नको, कान झाकले तर उपयोग काय. रंग वाळल्या गवताचा किंवा राखेचा. आणि कितीही मऊ लागला तरी गुळगुळीत माल घ्यायचा नाही, खरी लोकर जराशी टोचतेच. मासळीला स्वेटरचा आवाज ऐकू येतो का, हे मला ठाऊक नाही. मी चौथी शिकलेला माणूस, आणि उभा जन्म भाईंदरच्या मिठागरात गेला. एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला पण ऐकू येत नाही, म्हणून काय मी बोलायची थांबते?"

थांबली. या पावसाळ्यात थांबली. ताप डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत माणूस घरातून नाहीसं झालं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, आणि ज्याच्या घरातून कुणी असं गेलंय त्याला सांगायची गरज नाही.

तर त्या संध्याकाळी मी घरी येऊन मुलाला म्हणालो, मामाचा स्वेटर घ्यायचाय. तो मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "बाबा, ऑनलाइन टाकतो ना, डायरेक्ट पाड्यावर जाईल. तुम्ही कशाला धडपडताय? आणि खरं सांगू का, आई होती तोवर ठीक होतं. आता तुमचं तिथं काय?" पोरगं वाईट नाही. माझ्या गुडघ्यांच्या काळजीने बोललं. पण ते शेवटचं वाक्य माझ्या जेवणात खड्यासारखं आलं. कारण तोच प्रश्न मी दिवस झाल्यापासून स्वतःला विचारत होतो. दिवसकार्याला मेव्हणा आला, भिंतीला टेकून बसला, न जेवता गेला. त्यानंतर त्याचा निरोप नाही. भाऊबीजेला टोपली आली नाही, येणार कुणासाठी? चुली वेगळ्या, गाव वेगळं. आम्हा दोघा पुरुषांना बांधणारी एकच गाठ होती, ती सुटली. आता तो माझा कोण आणि मी त्याचा कोण? जाऊन बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि जायची भीती वाटत होती. त्याने परक्या पाहुण्यासारखी खुर्ची पुढे केली असती, तर मला ते सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी दोरीखाली उभा राहिलो. राखेच्या रंगाचा एक स्वेटर काढला, इकडे तिकडे बघितलं, आणि बाही बाहीवर घासून कानाशी धरली. स्वेटरवाली बघतच राहिली.

"अरे अंकल, ये तो आंटी का स्टाइल है! आंटी किधर है? माचिस लेके आती नहीं इस बार?"

"गुजर गई," मी म्हणालो. दुसरा कुठला शब्द सुचला नाही.

ती बाई खाली वाकून स्वेटरांच्या घड्या घालू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जला लो धागा. मैं कुछ नहीं बोलेगी."

मी धागा पेटवला. केस जळल्याचा वास आला. त्या वासाबरोबर ती जरा जास्तच जवळ आली, म्हणून पटकन तोंड फिरवलं.

मग एका पहाटे निघालो. घोडबंदरच्या बाजूला बसने, तिथून रिक्षाने, मग पायवाट. पूर्वी या वाटेवर बायको पुढे असायची. गावाकडे जाताना ती नेहमी पुढे, येताना मागे. वाटेच्या एका अंगाला आता उंच इमारतींचे सांगाडे उभे आहेत, त्यांचे लाल दिवे धुक्यात भिजलेल्या कुंकवासारखे दिसतात. दुसऱ्या अंगाला मात्र तेच साग, तीच करवंदीची जाळी, आणि वाळल्या गवताला सकाळच्या दवाचा तोच गोडसर वास. एकाच वाटेवर दोन काळ समोरासमोर उभे, आणि मधून मी, हातात प्लास्टिकची पिशवी धरून. मनात आलं, पिशवी अंगणात ठेवून हाक मारावी आणि चहा यायच्या आत उठावं. म्हणजे खुर्चीचा प्रश्नच नको.

मेव्हणा अंगणात तीर सरळ करत बसला होता, निखाऱ्यावर धरून, एका डोळ्याने बघत. मला बघून उठला नाही. म्हणाला, "आलास व्हय दाजी? मला वाटला, आता कशाला येतंय ह्यो." खुर्ची नाही, पाट नाही. मी शेणाने सारवलेल्या अंगणात बसलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

त्याने स्वेटर अंगात घातला, आणि माझी चूक माझ्यापुढे उभी राहिली. माझ्या डोक्यात तो अजून दांडग्या छातीचा गडी होता. समोरचा माणूस वाळून गेलेला. खांदे उतरलेले, मनगटं काडीसारखी. बाही कोपराखाली पोत्यासारखी लोंबत होती. त्याने कामठा उचलून ताणला, दोरी सोडली, तशी ती सटकन डाव्या बाहीत अडकली. रिकामा कामठा हातातून निसटला.

"दाजी," तो म्हणाला, "ह्यात मी, माजी बायको आन तळ्यातली मरळ, सगळी मावू."

त्याची बायको आतूनच हसली. मी म्हणालो, बदलून आणतो, लहान मिळेल. तर म्हणे, "लहान-मोठा न्हाय. बाजारातली बाही कामठ्याला कवाच बसत न्हाय. बाय हितं आल्यावर आवळून द्यायची. दर साली. तुला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. पाड्यावर आलो की ती बायकांत सुई घेऊन बसायची हे मी बघितलं होतं. मला वाटायचं, हिचं काहीतरी उसवलंय. मी आपला आंब्याखाली पाय पसरून झोपायचो.

त्याच्या बायकोच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती. सुना कामावर गेलेल्या. मी म्हणालो, आण सुई, मी आवळतो. मेव्हणा म्हणाला, "तू?" म्हटलं, लेका, आख्खा जन्म मिठाच्या गोण्या शिवल्यात, तुझी बाही काय मोठी. धागा त्या रंगाचा घरात नव्हता. मग त्याच्या बायकोने दोरीवरचा गेल्या वर्षीचा, कोपरावर झिजलेला स्वेटर उतरवला आणि त्याच्या काठाची लोकर उसवून हातभर धागा माझ्या हातात दिला. सुईत ओवायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

माप चुकू नये म्हणून बाही अंगावरच आवळायची होती, हात कामठा धरल्यासारखा लांब ठेवून. अंगावरचं शिवताना माणसाने तोंडात काडी धरायची असते, नाहीतर अशुभ. त्याच्या बायकोने गवताची काडी तोडून त्याच्या दातांत दिली आणि बजावलं, "आता बोलू नगा." हा बडबड्या माणूस. डोळे मोठे करून, काडी चावत, हात पसरून बुजगावण्यासारखा बसला. आणि मी त्याच्या अगदी जवळ, त्याचा श्वास माझ्या कानावर. त्याच्या हनुवटीची ठेवण हुबेहूब बायकोची आहे हे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. बघून सुई थांबली. परत चालू केली.

तो बोलू शकत नव्हता म्हणून मला बोलता आलं. मान वर न करता मी म्हणालो, "पोरगा म्हणतो, आई गेली, आता तुमचं तिथं काय. मला पण कळेना. म्हणून स्वेटर घेतला. नको असेल तर सांग, मी काय लहान पोर नाही रुसायला. पुढे येत नाही." एवढं बोलून टाके घालत राहिलो. गोणीचा हात तो, टाके लांब लांब पडत होते. त्याचा पसरलेला हात हळूहळू खाली येत होता, मी तो कोपराला धरून परत वर केला. म्हाताऱ्याचा हात किती वेळ ताठ राहणार.  काडी चावून चावून त्याने बारीक केली होती.

शेवटची गाठ मारली, धागा दाताने तोडला. मेव्हण्याने काडी थुंकली. उठला, कामठा घेतला, ताणला, सोडला. दोरी बाहीला न शिवता परत गेली. मग त्याने कोपर वर करून माझे टाके बघितले, बोटाने एकेक चाचपला.

"गोनी शिवलीस दाजी," तो म्हणाला. "पुढल्या साली टाकं जवळ घाल."

आणि तीर उचलून तळ्याकडे चालू लागला. जाताना बायकोला ओरडून सांगितलं, दाजी जेवणार हाय.

मी अंगणात बसून राहिलो. धुकं विरत होतं, झाडांमधून तळ्याचं पाणी दिसत होतं. इतकी वर्षं मी या घरी नुसता सोबतीला येत होतो. गाठ काय ती बायकोची आणि तिच्या भावाची, असं धरून चाललो होतो. आणि ती गाठ म्हणजे तरी काय, तर दर साली कुणीतरी येऊन बसायचं, एका माणसाचा हात धरायचा आणि बाही आवळायची. माणूस जातं. त्याचं काम मात्र तसंच अर्धं अंगणात पडून असतं, कुणी उचलेल याची वाट बघत. लोकर वर्षभर टिकते, पुढच्या थंडीपर्यंत कोपरावर झिजते, म्हणून बरं आहे. टिकाऊ असती तर मला पुन्हा जायला कारण उरलं नसतं.

सध्या मी डोळे तपासून घ्यायच्या मागे आहे. मुलगा विचारतो, एवढ्यात नवा चष्मा कशाला, पेपर तर वाचत नाही तुम्ही. मी त्याला सांगितलं, शिवणकाम आहे.