लेकुरवाळं हळकुंड

घोडपदेवच्या आमच्या चाळीत लग्न ठरलं की भटजीच्या आधी मालनला निरोप जातो. पहिली हळद, पहिली ओटी लेकुरवाळीच्या हातची लागते, आणि एकेका मुलावर थांबलेल्या आजच्या चाळीत चार लेकरांची आई ती एकटीच उरली आहे. एके काळी ह्याच मालनच्या पाळण्याची यथेच्छ टवाळी व्हायची. ‘दारातल्या चपला मोजायला माणूस ठेव,’ असं चाळ तिच्या नवऱ्याला, रघुला, सुनवायची. तेव्हा लेकुरवाळी म्हणजे टोमणा होता, आता मान. मालनची मात्र तो शब्द ऐकून अजूनही कंबर दुखते.

परवा तिच्या धाकट्याचा, स्वप्नीलचा, साखरपुडा झाला. मुलगी केरेन, प्रभादेवीची, ख्रिस्ती. घराणं मूळ मुंबईचं, मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात. तिने स्वप्नीलला आधीच बजावलं होतं, “ओटी भरा, साडी नेसवा. पण मुलांचा आशीर्वाद दिलात तर मी पाटावरून उठेन, आणि परत बसणार नाही.” स्वप्नीलने हे आईच्या कानावर घातलं आणि स्वतः गजरे आणायला सटकला. शूर मुलगा.

मालनच्या आत्तेसासू जाईबाई मालवणहून खास लेकुरवाळं हळकुंड घेऊन आल्या होत्या. लेकुरवाळं म्हणजे एकाच गड्ड्याला चहूबाजूंनी बोटं फुटलेलं.

“घाल गो ओटीत,” त्या म्हणाल्या, “आणि म्हण, लेकुरवाळी हो.”

केरेनचा हात पाटावर टेकला. उठण्यासाठीच. तिच्या आईने, लिलीबाईंनी, पर्स खांद्याला लावली.

मालनने हळकुंड उचललं, जाईबाईंच्या पानाच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि दोन्ही केरेनपुढे धरली.

“तुला हवी तेवढी बोटं ठेव, बाय. उरलेली आमटीत जातील. मला कोणी विचारलं नव्हतं.”

“ह्या काय करतंस गो?” जाईबाई म्हणाल्या.

“लेकुरवाळी मी ना, आत्याबाई? मग ओटी माझ्या मनाने भरते.”

केरेनने हळकुंड फिरवून पाहिलं. कटाकट बोटं उडवता उडवता ती एकापाशी थांबली आणि मालनकडे वळली.

“हे राहू दे, आई. असू दे सध्या. पुढचं पुढे बघू.”

लिलीबाईंनी पर्स खाली ठेवली. मालनने डोळे पुसले, पण हसत.

स्वप्नील गजरे घेऊन आला तेव्हा ओटी भरून झाली होती. “काय झालं?” त्याने हळूच विचारलं.

“काही नाही,” रघु म्हणाला, “तुझ्या सासूची पर्स खाली आहे. बस.”

रात्रीची आमटी पिवळीजर्द झाली. जाईबाईंनी रुसूनच दोनदा भात घेतला.