शिव्या कोणाला देता येतील, हे विचारणाऱ्या विमलताई

...आणि म्हणूनच मी म्हणतेय, नुसती शाल आणि नारळ देऊन विमलताईंचं पंचाहत्तरावं वर्ष साजरं होणार नाही. गौरव समितीच्या मीटिंगमध्ये मी हे बोलले, तर सगळे म्हणाले, "मग तूच लिही." माझं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं. ताईंच्या या गौरवग्रंथातल्या बाकीच्या लेखांसारखं भारदस्त मला जमणार नाही. बोलते तसंच लिहिते.

विमलताई देशकर आपल्या पक्षाच्या तालुकाध्यक्ष. तहसीलमधली नोकरी संपल्यावर त्या पक्षाच्या कामाला लागल्या. माझी त्यांची ओळख झाली ती एका पत्रकामुळे. कॉलेज संपवून मी मुकुटबनला परत आले होते आणि फार उत्साहाने पक्षाचं पत्रक लिहून त्यांच्याकडे नेलं होतं. ताईंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, "छान हाय. आता बसस्टँडवर जा अन् कोण्याही बाईले वाचून दाखव. तिनं मधातच पिशवी उचलली, तर पत्रक फेल." पहिल्या बाईंनी दुसऱ्याच ओळीला पिशवी उचलली. ताई हसल्या नाहीत. त्या माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या आणि वणीची गाडी येईपर्यंत आम्ही दोघींनी ते पत्रक तिथेच पुन्हा लिहिलं.

पण ताई खऱ्या कळल्या त्या पंचायत समितीच्या निवडणुकीत. आमच्या गणातून, म्हणजे पंचायत समितीच्या आमच्या मतदारसंघातून, माझे गजूकाका इच्छुक होते. कोणाचं लग्न असो की दवाखाना, काका मदतीला असतातच. तिकीट त्यांचंच, असं आमच्या घरी सगळे धरून चालले होते. वरती नाव पाठवायचं काम ताईंचं होतं आणि त्यांची एक पद्धत आहे. नाव पाठवण्याआधी त्या स्वतः गावोगावी जातात आणि एकच प्रश्न विचारतात. आमच्या गणातल्या बंजारा तांड्यावर त्या गेल्या, त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते.

"उमेदवार कोण पाहिजे, ते मी नाई विचारत," ताई म्हणाल्या. "नळाले पाणी काहून नाई म्हणून रस्त्यात थांबवून तुम्ही कोणाले शिव्या देऊ शकता, ते सांगा."

सगळे हसले. "कमलाले!"

बचत गट चालवणाऱ्या कमलाबाई राठोड तिथेच बसल्या होत्या. "देतेतच नं रोज!" त्या म्हणाल्या.

"अन् गजूले?"

तांड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईंना तिथे लहानथोर सगळे 'याडी' म्हणजे आई म्हणतात. त्या म्हणाल्या, "गजूभाऊ माणूस चांगला हाय बाई. पण त्याच्या गाडीची काच खाली होईपर्यंत आपला राग थंडा होऊन जाते."

ताईंनी कमलाबाईंचं नाव पाठवलं.

तांड्यावर काय झालं ते मी सांगितलं, आणि आमच्या घरी आगच लागली. काकांनी अपक्ष अर्ज भरला. काका उभे राहिले तर मतं फुटणार आणि काका, कमलाबाई दोघंही पडणार, हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं. अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी ताई घरी आल्या. काखेत मतदान शिकवायची पुठ्ठ्याची डमी मशीन होती.

"मले समजावू नका ताई. अर्ज मागं घेणार नाई," काका दारातच म्हणाले.

"समजवाले नाई आली, चहा प्यायले आली. अन् हे घे. एक बटण जिल्हा परिषदेचं, एक पंचायत समितीचं. मागच्या खेपेले तांड्यावरचे लोक एकच दाबून बाहेर येऊन राह्यले होते. तू दोन्ही शिकव. कोणाचं दाबायचं, ते तुझं तू सांग."

"मी तुमच्याविरुद्ध उभा हाय, अन् मलेच मशीन देता?"

"तू विरुद्ध हायेस गा. मतदार थोडीच विरुद्ध हाय?"

काकांनी मशीन हातात घेऊन फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "याडी खरंच तसं म्हणली? काचेचं?"

"म्हणली. अन् खरंच म्हणली."

दुसऱ्या दिवशी काकांनी अर्ज मागे घेतला आणि तीच मशीन घेऊन तांड्यावर गेले. पायी. मीही मागून गेले. याडी लांबूनच ओरडल्या, "काहून गा, गाडी बिघडली का?" मग रस्ता, नळ, शाळेचं छप्पर, सगळ्याच्या शिव्या काकांनी उभ्याने ऐकल्या. शेवटी म्हणाले, "झालं का देऊन? आता इकडं पाहा. हे वरचं दाबा, मग हे खालचं. मशीन लांब वाजली की मंगच बाहेर या. कमलाबाईचं चिन्ह हे." आणि त्यांनी स्वतः बोट ठेवून ते चिन्ह दाखवलं.

कमलाबाई थोडक्यात पडल्या. मतमोजणीच्या बाहेर सगळ्यांसमोर ताई म्हणाल्या, "नाव म्या पाठवलं होतं. हार माही हाय, कमलाची नाई." असं म्हणणारा नेता मी तरी दुसरा पाहिला नाही. पक्षातले काही लोक अजूनही म्हणतात की गजूकाका असते तर जागा आली असती. आली असतीही. पण आता तांडा आला की काका लांबूनच गाडीची काच खाली करतात, आणि याडींना त्यांच्यावर ओरडायला नवीन काहीतरी रोजच सापडतं.

ताई, तुमचे गुडघे तांड्याचा चढ असाच चढत राहोत, तुमची तब्येत ठणठणीत राहो, आणि तुमच्या शंभरीतही माझं पत्रक घेऊन तुम्ही मला बसस्टँडवर पाठवा.

राहिला तो तिकिटाचा वाद. आमच्या घरी जेवताना तो अजून निघतो, आणि मी दर वेळी ताईंच्या बाजूने भांडते. पुढची निवडणूक येईल, पुन्हा नाव पाठवायची वेळ येईल. म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना विचारते: त्या दिवशी ताईंच्या जागी तुम्ही असता, तर जागा जाऊ शकते हे माहीत असूनही कमलाबाईंचंच नाव पाठवलं असतं का?